सड्यावरचं पाणी आणि वाट बदललेली पेशी

गेल्या पावसात एका संध्याकाळी माझी जुनी विद्यार्थिनी तिच्या मुलीला घेऊन घरी आली. मुलगी आता नववीत आहे. सहावीत असताना तिला टाइप १ मधुमेह झाला. तेव्हापासून रोजची इन्सुलिनची इंजेक्शनं, बोटाला टोचून साखर बघणं, आणि वीज गेली की फ्रिजमधल्या कुप्यांची काळजी. आईने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक बातमी: चीनमध्ये एका तरुणीच्या स्वतःच्याच पेशी काढल्या, त्या बदलून तिला परत दिल्या आणि तिचं इन्सुलिन बंद झालं. दुसरी, कुठल्याशा मोठ्या शहरातल्या केंद्राची जाहिरात: ‘स्टेम सेल उपचाराने मधुमेह मुळापासून बरा’. खर्च काही लाख रुपये.

‘‘बाई, हे खरं काय?’’ तिने विचारलं. ‘‘खरं असलं तर मी सोनं मोडते.’’

बातमी खरी आहे आणि जाहिरातीवर सोनं मोडू नये, हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं. का, ते समजावता समजावता रात्रीचे नऊ वाजले. गोव्यातल्या पेडण्यात तीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं, पण इतक्या आतुरतेने ऐकणारे दोन विद्यार्थी मला क्वचित मिळाले. त्या दिवशी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर जे काढून दाखवलं, तेच इथे लिहिते. असाच मोबाइल हातात घेऊन उद्या आणखी कोणी कोणाच्या तरी दारात उभं राहणार आहे.

सुरुवात एका पेशीपासून करू. आईच्या पोटात आपण सगळे एका फलित अंडपेशीपासून वाढलो. तिचे दोन झाले, दोनाचे चार, आणि होता होता त्यातून त्वचा, हाड, मेंदू, यकृत असं सगळं घडलं. प्रत्येक विभाजनात जनुकांचा संपूर्ण संच नव्या पेशीला मिळत गेला. (तांबड्या रक्तपेशी आपलं केंद्रक नंतर टाकून देतात, तो अपवाद.) सुमारे २० हजार जनुकं, आणि ती सामावणारा डीएनएचा धागा ताणला तर जवळपास दोन मीटर लांबीचा. तो धागा डोळ्यांना न दिसणाऱ्या एवढ्याशा केंद्रकात गुंडाळून बसलेला असतो.

मग सगळ्यांकडे एकच संच असताना मेंदूची पेशी मेंदूची कशी राहते? आमच्याकडे देवळाच्या उत्सवात गावातलीच माणसं नाटक करतात. तालमीच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात पूर्ण संहितेची प्रत पडते. प्रत्येकजण आपल्या वाक्यांखाली रेघा मारतो आणि तेवढीच पाठ करतो. बाकीची पानं हातात असूनही त्याच्यासाठी मिटलेली. पेशीचं बरंचसं असंच आहे. इन्सुलिन बनवण्याचं जनुक त्या मुलीच्या गालाच्या त्वचेतल्या पेशीतही जसंच्या तसं आहे. हे सांगितलं तेव्हा तिने नकळत गालाला हात लावला. तिथे ते पान मिटलेलं आहे, एवढंच. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत ते उघडं असतं.

पानं मिटतात ती दोन तऱ्हांनी. एक म्हणजे धागा त्या ठिकाणी घट्ट गुंडाळलेला असतो आणि त्यावर रासायनिक खुणा असतात, त्यामुळे वाचणाऱ्या यंत्रणेला आत शिरता येत नाही. दुसरं म्हणजे प्रत्येक प्रकारच्या पेशीत ठरावीक नियामक प्रथिनं असतात. ती डीएनएवर नेमक्या जागी बसतात आणि काही जनुकं चालू करतात, काही बंद ठेवतात. यातली कित्येक प्रथिनं स्वतःचं जनुकही चालू ठेवतात. म्हणजे बीटा पेशीची नियामक प्रथिनं बीटा पेशीपण टिकवतात आणि ते टिकतं म्हणून ती प्रथिनं बनत राहतात. हे चक्र एकदा फिरायला लागलं की वर्षानुवर्षं फिरतं. पुढचं सगळं समजायला ही नियामक प्रथिनं लक्षात ठेवायला हवीत.

कॉनरॅड वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५७ साली एक चित्र काढलं होतं: डोंगरमाथ्यावरून एक गोटी खाली घरंगळते आहे आणि उतारावर दऱ्यांना फाटे फुटत गेले आहेत. गर्भातली पेशी म्हणजे ती गोटी. वर्गात मी गोटीऐवजी पाणी सांगायची, कारण आमच्या मुलांनी सडा, म्हणजे डोंगरावरचं खडकाळ पठार, पाहिलेला असतो. पेडण्याच्या सड्यावर पाऊस पडतो तेव्हा माथ्यावरच्या थेंबाला कुठेही जाता येतं. एखादा खडा आडवा आला एवढ्यावर तो इकडचा व्हाळ (ओढा) धरतो की तिकडचा ते ठरतं. इकडे उतरला तर तेरेखोल नदीला जाणार, तिकडे उतरला तर शापोरा नदीला. जितका खाली जाईल तितके काठ उंच होत जातात. नदीला लागलेलं पाणी परत सड्यावर चढत नाही.

पेशीबद्दलही बहुतेकांची समजूत अशीच होती. ती मोडली एका बेडकाने.

जॉन गर्डन हे ऑक्सफर्डमध्ये काम करणारे तरुण संशोधक. त्यांनी आफ्रिकेतल्या झेनोपस जातीच्या बेडकाची अंडपेशी घेतली, तिचं स्वतःचं केंद्रक निकामी केलं आणि त्या जागी टॅडपोलच्या, म्हणजे बेडकाच्या पिल्लाच्या, आतड्याच्या पेशीचं केंद्रक बसवलं. आतड्याची पेशी म्हणजे पार नदीला लागलेलं पाणी. तरीही त्यांतल्या काही अंड्यांतून पोहणारी पिल्लं निघाली. म्हणजे आतड्याच्या पेशीने बाकीची पानं फाडून टाकलेली नव्हती. अंड्यातल्या द्रवात असं काहीतरी होतं जे मिटलेली पानं पुन्हा उघडत होतं. हे काम प्रसिद्ध झालं १९६२ साली. गोवा मुक्त झाल्यानंतरचं ते पहिलं वर्ष, आणि माझ्या जन्माचंही. त्याच वर्षी जपानमध्ये शिन्या यामानाका जन्मले. त्यांच्याकडे आपण येऊच.

गर्डन यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ईटनच्या शाळेत असताना जीवशास्त्रात त्यांचा नंबर २५० मुलांत शेवटचा आला होता. या मुलाने शास्त्रज्ञ होण्याची कल्पना करणंही हास्यास्पद आहे, अशा अर्थाचा शेरा शिक्षकांनी प्रगतिपुस्तकात मारला होता. गर्डन यांनी तो कागद चौकटीत घालून जन्मभर आपल्या टेबलाजवळ ठेवला. २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं, २०२५ साली ते वारले. प्रगतिपुस्तकात शेरे लिहिण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. ही गोष्ट कळल्यापासून ‘याला जमणार नाही’ असं मी कोणाबद्दलही लिहिलं नाही.

१९९६ साली स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी याच पद्धतीने जन्मली, तेव्हा सस्तन प्राण्यांतही हे घडतं हे सिद्ध झालं. पण त्यासाठी दरवेळी अंडपेशी लागत होती. अंडपेशीत पानं उघडणारं नेमकं काय आहे, ते कोणाला ठाऊक नव्हतं.

यामानाकांनी अंडपेशी बाजूला ठेवली. क्योटो विद्यापीठात त्यांनी आणि त्यांचे सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांनी भ्रूणातल्या मूळपेशींत (स्टेम सेल, म्हणजे ज्यांची वाट अजून ठरलेली नाही अशा पेशींत) महत्त्वाची असावीत अशी २४ जनुकं निवडली. एकेक जनुक उंदराच्या त्वचेच्या पेशीत घालून पाहिलं, काहीच झालं नाही. चोवीसही एकदम घातली तेव्हा काही पेशी बदलल्या. मग ताकाहाशींनी उलट हिशेब मांडला: चोवीसमधलं प्रत्येक वेळी एकेक काढून टाकायचं आणि काय अडतं ते पाहायचं. घरात आमटी बिघडली की कोणता जिन्नस चुकला ते आपण असंच शोधतो. शेवटी चार उरली: ऑक्ट-३/४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. ही चारही जनुकं नियामक प्रथिनांची. तेवढ्या चारांनी त्वचेची पेशी सड्याच्या माथ्यावर परत चढली. २००६ साली उंदरात आणि २००७ साली माणसाच्या पेशीत हे साधलं. अशा पेशीला ‘आयपीएस पेशी’ म्हणतात. ती हवी तितकी वाढवता येते आणि तिच्यापासून शरीरातली जवळपास कोणतीही पेशी बनवता येते. गर्डन यांच्याबरोबर २०१२ चं नोबेल यामानाकांना मिळालं.

आता एक साधा प्रश्न. शापोऱ्याचं पाणी तेरेखोलला न्यायचं असेल तर ते आधी माथ्यावर चढवलंच पाहिजे का? मधली डोंगरधार फोडून एका व्हाळातून थेट दुसऱ्यात नाही का नेता येणार?

येतं. याचा पहिला पुरावा यामानाकांच्याही आधीचा आहे. १९८७ साली अमेरिकेत हॅरॉल्ड वाइनट्राउब यांच्या प्रयोगशाळेने मायो-डी नावाचं एकच जनुक फायब्रोब्लास्ट पेशींत, म्हणजे ऊतींना जोडून धरणाऱ्या साध्या पेशींत घातलं, आणि त्या स्नायूंच्या पेशी झाल्या. निसर्गात तर हे आधीपासून चालू आहे. न्यूट नावाच्या उभयचर प्राण्याच्या डोळ्यातलं भिंग काढलं, तर बुबुळातल्या रंगद्रव्याच्या पेशी स्वतःचं रूप बदलून नवं भिंग घडवतात.

२००८ नंतर या थेट बदलाच्या कामाला वेग आला. २०१० साली स्टॅनफर्डच्या मारियस वेर्निग यांच्या गटाने तीन जनुकांनी उंदराची फायब्रोब्लास्ट पेशी चेतापेशीत बदलली. त्याच वर्षी दीपक श्रीवास्तव यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या गटाने दुसऱ्या तीन जनुकांनी फायब्रोब्लास्टपासून हृदयाच्या स्नायूसारख्या पेशी बनवल्या. हे दुसरं काम मला फार मोलाचं वाटतं. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूंच्या कोट्यवधी पेशी मरतात आणि मोठ्या माणसात त्या जवळजवळ पुन्हा बनत नाहीत. रिकाम्या जागी फायब्रोब्लास्ट येतात आणि व्रण तयार होतो. भिंतीचं भगदाड बुजतं, पण तो भाग आकुंचन पावत नाही. तिथे बसलेल्या फायब्रोब्लास्टलाच स्नायू बनवता आलं तर बाहेरून पेशी आणाव्याच लागणार नाहीत. २०१२ साली त्यांनी ती तीन जनुकं जिवंत उंदरांच्या झटका आलेल्या हृदयात सोडली. व्रण लहान झाला आणि हृदयाचं काम सुधारलं. माणसाच्या पेशी मात्र जास्त हट्टी निघाल्या. त्यांना तेवढी तीन जनुकं पुरत नाहीत.

दोन वाटांमध्ये फरक काय, असं मुलीने विचारलं. माथ्यावरून खाली येणाऱ्या वाटेत पेशी कोट्यवधींनी वाढवता येतात, हा मोठा फायदा. धोका असा की एखादी पेशी माथ्यावरच रेंगाळली आणि तशीच शरीरात गेली, तर तिच्यापासून गाठ होऊ शकते. शिवाय त्या चार जनुकांतल्या सी-मिकचा कर्करोगाशी संबंध आहे, म्हणून ते वगळून किंवा त्याच्याजागी दुसरं घालून काम करण्याचे प्रयत्न झाले. थेट वाटेत माथा लागतच नाही, त्यामुळे तो धोका कमी, आणि काम शरीराच्या आतच होण्याची शक्यता. पण इथे बदललेल्या पेशी सहसा वाढत नाहीत, थोड्याच बदलतात, आणि काही अर्ध्या वाटेवर अडकतात. इथे माझी नाटकाची उपमा लंगडी पडते. दशावतारातल्या कलाकाराबद्दल आपल्याकडे म्हणतात, ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’. तो मुळात राजा होतच नाही, रंग उतरला की पुन्हा आपला घरचा माणूस. पेशीने मात्र खरोखर बदलायला हवं. बाहेरची जनुकं काढून घेतल्यावरही नवं चक्र तिने स्वतःच्या बळावर फिरवलं पाहिजे. अर्धवट बदललेली पेशी म्हणजे रंग लावलेला राजा, आणि तिच्या भरवशावर हृदय किंवा साखर सोडता येत नाही.

आता मधुमेहाकडे येऊ. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या बीटा पेशींना शत्रू समजून मारते. हार्वर्डचे डग्लस मेल्टन आधी बेडकांवर काम करायचे. त्यांचा मुलगा तान्हा असताना त्याला टाइप १ मधुमेह निघाला आणि मेल्टन यांनी सगळं सोडून बीटा पेशींचा ध्यास घेतला. पुढे त्यांच्या मुलीलाही तोच आजार झाला. २००८ साली त्यांच्या गटाने जिवंत उंदराच्या स्वादुपिंडात तीन जनुकं सोडली आणि तिथल्याच पाचकरस बनवणाऱ्या पेशी बीटा पेशींसारख्या होऊन इन्सुलिन बनवू लागल्या. दोन वर्षांनी जिनिव्हाच्या पेद्रो हेरेरा यांच्या गटाला त्याहून विलक्षण गोष्ट दिसली. ज्या उंदरांच्या जवळपास सगळ्या बीटा पेशी नष्ट केल्या होत्या, त्यांच्यात शेजारच्या काही अल्फा पेशी आपणहून बीटा होऊ लागल्या होत्या, कोणी जनुक न घालता. एरवी अल्फा पेशींचं काम नेमकं उलटं, साखर वाढवण्याचं. २०१९ साली याच गटाने मृत दात्यांच्या स्वादुपिंडातल्या मानवी अल्फा पेशी दोन जनुकांनी बदलल्या. मधुमेही उंदरांत त्यांनी साखर आटोक्यात आणली.

मुलीची आई हे ऐकताना हुंदका आवरत होती. मेल्टन यांच्या जागी तिला स्वतःला पाहता येत होतं.

तर मोबाइलमधली बातमी. ती तियांजिनची आहे. बीजिंगचे डेंग होंगक्वेई यांनी पेशी माथ्यावर नेण्याची वेगळी रीत शोधली होती: जनुकं न घालता ठरावीक रसायनांच्या क्रमाने. टाइप १ मधुमेह असलेल्या २५ वर्षांच्या तरुणीच्या चरबीतून पेशी घेऊन त्यांनी त्या माथ्यावर नेल्या, मग पायरीपायरीने स्वादुपिंडाच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पुंजक्यांत उतरवल्या. जून २०२३ मध्ये सुमारे १५ लाख पुंजके तिच्या पोटाच्या स्नायूत टोचले. ७५ दिवसांनी तिचं इन्सुलिन बंद झालं आणि वर्षभर बंद राहिलं. हे सगळं खरं, तपासलेलं आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेलं.

बातमीत न छापलेली गोष्ट अशी, की या तरुणीवर आधी यकृताचं प्रत्यारोपण झालेलं होतं आणि त्यासाठी ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतच होती. त्यामुळे तिच्या शरीराने नव्या बीटा पेशींवर पुन्हा हल्ला केला असता की नाही, ते तिच्यावरून समजत नाही.

मेल्टन यांच्या कामातून निघालेला उपचार जास्त लोकांवर तपासला गेला आहे. त्यात भ्रूणातल्या मूळपेशींपासून बीटा पेशी बनवून यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत सोडतात. २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षानंतर इन्सुलिन लागत नव्हतं. हा आकडा मी त्या दोघींना दोनदा सांगितला. त्याचबरोबर हेही सांगितलं, की या सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, आणि चाचणीतल्या एका माणसाचा मेंदूच्या आवरणाच्या बुरशीजन्य संसर्गाने मृत्यू झाला. संसर्ग न झेपणं ही अशा औषधांची मोठी किंमत असते. इन्सुलिनवर नीट वाढणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीसाठी हा सौदा आज कोणी डॉक्टर करणार नाही.

आता जाहिरात. फोनवर चौकशी केली तेव्हा तिला सांगितलं होतं, की पोटाची चरबी काढून त्यातल्या स्टेम सेल त्याच दिवशी परत टोचणार. तियांजिनमध्येही चरबीच घेतली होती, म्हणून दोन्ही गोष्टी एकच वाटतात, आणि फसगत होते ती इथेच. चरबीतली पेशी टोचल्याने आपणहून बीटा होत नाही. तिला आधी माथ्यावर न्यावं लागतं, मग कित्येक टप्प्यांतून उतरवावं लागतं, आणि माथ्यावर कोणी रेंगाळलेलं नाही हे तपासावं लागतं. याला महिने लागतात. एका दुपारीत होणाऱ्या कामात यातलं काहीच होत नाही.

आपल्या देशाचा नियमही स्पष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं रक्त-मूळपेशींचं प्रत्यारोपण, म्हणजे आपण ज्याला बोनमॅरो प्रत्यारोपण म्हणतो, तेवढंच मान्य उपचारात मोडतं. बाकी सगळं फक्त मंजूर वैद्यकीय चाचणीतच करता येतं. अशी चाचणी सरकारच्या ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’त नोंदलेली असते, ती नोंद कोणालाही इंटरनेटवर बघता येते, आणि तिच्यात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. नोंदणी क्रमांक मागा म्हणून मी आईला सांगितलं. तिने तिथेच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, क्रमांक नंतर कळवतो, आधी आगाऊ रक्कम भरून जागा धरा.

एक गोष्ट गोव्यासाठी वेगळी सांगायला हवी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात निघालं: २६.४ टक्के, म्हणजे प्रौढांत चारात एकापेक्षा जास्त. यातले बहुतेक टाइप २ चे. त्यांच्या शरीरात इन्सुलिन बनतं, पण पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. वर सांगितलेलं काम मुख्यतः टाइप १ साठी आहे. वाड्यावरच्या काकांना कोणी ‘चीनचा उपचार’ विकायला आला, तर तो दुसऱ्याच आजाराची गोष्ट सांगतो आहे.

जायला निघताना मुलगी दारात थांबली. ‘‘टीचर, पण माझ्या शरीराने माझ्या पेशी एकदा मारल्या ना? नव्या घातल्या तर त्या पण मारणार.’’

पंचवीस-तीस वर्षं या विषयातल्या मोठ्या माणसांना छळणारा प्रश्न तिने चप्पल घालता घालता विचारला. मी तिला परत बसवलं. स्वीडनमधल्या उप्साला इथे एका ४२ वर्षांच्या टाइप १ मधुमेही माणसाच्या हाताच्या स्नायूत दात्याच्या स्वादुपिंडातल्या पेशी टोचल्या होत्या. टोचण्याआधी त्या पेशींची जनुकं अशी बदलली होती, की प्रतिकारशक्ती ज्या खुणांवरून परकी पेशी ओळखते त्या खुणा पुसल्या गेल्या, आणि ‘मला खाऊ नको’ असा इशारा देणारं एक प्रथिन जास्त बनू लागलं. त्या माणसाला प्रतिकारशक्ती दाबणारं एकही औषध दिलं नाही. २०२५ साली निष्कर्ष आले तेव्हा, बारा आठवड्यांनंतरही, त्या पेशी जिवंत होत्या आणि इन्सुलिन बनवत होत्या. पेशी मुद्दाम थोड्याच दिल्या होत्या, म्हणून त्याचं बाहेरचं इन्सुलिन चालूच होतं.

‘‘मग जास्त दिल्या तर?’’ तिने विचारलं.

दात्यांकडून तेवढ्या मिळत नाहीत, मी म्हटलं. म्हणून आता मूळपेशींपासून बनवलेल्या बीटा पेशींवर हेच बदल करायचं काम चाललं आहे. तिने कॅलेंडरचा तो कागद मागून घेतला, सड्याच्या चित्राच्या कडेला ‘उप्साला’ लिहिलं आणि स्पेलिंग बरोबर आहे का विचारलं.